उंटाचे मागचे पाय

ताईचा फोन आला तेव्हा माझ्या अर्ध्या गालाला साबण होता.

"छोट्या, मला उंट हवाय."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. पाणीपुरवठा कचेरीत तक्रार विभागाचा प्रमुख आहे. माझ्या टेबलासमोर लोक तावातावाने येतात आणि मी चष्म्यावरून एकदा पाहिलं की त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. पण या पृथ्वीवर एक बाई अशी आहे, जिच्या लेखी मी अजून स्वतःचं नाक पुसायला शिकलेलो नाही. ती माझी थोरली बहीण.

"कसला उंट?" मी विचारलं.

"कसला म्हणजे? चार पायांचा. लांब मानेचा. शुक्रवारपर्यंत."

"ताई, उंट कुठे मिळणार?"

"मिळायचा नाहीये, करायचाय. दोन माणसं आत शिरतात, वरून कापड. तू कर. मी सांगून बसलेय की माझा भाऊ आणतो."

आणि फोन बंद. साबण वाळून गालाला ओढ बसली होती. त्या दिवशी मी अर्धी दाढी ठेवून ऑफिसात गेलो आणि शिपाई सोडून कुणी मला ते सांगितलं नाही.

ताईचं सांगतो. कॅन्सरच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर लहान मुलांचा वॉर्ड आहे. तिथे एक छोटी संस्था काम करते. संस्था म्हणजे चार बायका, खेळण्यांचं एक लोखंडी कपाट आणि एक रबरी शिक्का. त्या मुलांशी खेळतात, आयांना घटकाभर चहाला पाठवून स्वतः खाटेशी बसतात, गोष्टी सांगतात. ताई त्यातली गोष्टवाली मावशी. ती स्वतः त्याच दवाखान्याची पेशंट. पूर्वी ऑपरेशन झालं, मग रोजच्या गोळ्या. खालच्या मजल्यावर डॉक्टरांना दाखवायचं आणि तिथूनच जिना चढून वर जायचं. "खाली मी पेशंट, वर मी पाहुणी," असं म्हणते.

तिने मुलांना कितीतरी दिवस एका उंटाची गोष्ट लावून धरली होती. हा उंट गावभर फिरतो आणि दिसेल त्या खिडकीतून मान आत घालून चौकशा करतो. वॉर्डात एक सहा-सात वर्षांची मुलगी होती. ती डॉक्टरांच्या आधी सगळ्यांची नाडी बघायची, म्हणून तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. तिला शनिवारी काचेच्या खोलीत हलवणार होते. मोठे उपचार होते. कितीतरी आठवडे आत एकटीने राहायचं, आई सोडून कुणी आत जायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी अट घातली, आधी उंट दाखवा, मग जाते. आणि ताईच्या तोंडून "आणते" निघून गेलं.

मी बायकोला म्हटलं, "ताईला काहीतरी समजवायला हवं."

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आजवर ताईंना काय समजावलंय? कापड बघायला कधी जायचं ते सांगा."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या वसाहतीला बातमी लागली. आमच्या जिन्यात बातमी पायी चालत नाही, थेट दारातच उगवते. समोरच्या काकूंनी सांगितलं की उंटाला दोन मदारी असतात, एका मदारीचा उंट म्हणजे फसवणूक. मदार म्हणजे उंटाचं कुबड, आणि आपल्याकडच्या उंटाला ते एकच असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरने उंटाऐवजी ससा करा, ससा एका माणसात होतो, असा काटकसरीचा सल्ला दिला. तळमजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. ते तर पुस्तक घेऊनच आले.

"उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो," ते म्हणाले. "घोड्यासारखा चालवाल तर मुलांच्या मनावर चुकीचे संस्कार होतील."

उंटावरचे शहाणे म्हणजे काय हे मी शाळेत शिकलो होतो, पण इतके सगळे एकाच उंटावर बसलेले प्रथमच पाहत होतो.

हेडमास्तर नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत, ते उंटात यायला तयार झाले. फक्त पुढच्या बाजूला. मलाही पुढचीच बाजू हवी होती. एका विभागाचा प्रमुख मागे वाकून चाललाय हे चित्र मला पटत नव्हतं. आम्ही दोघं "तुम्ही पुढे", "छे छे, तुम्हीच", असं इतक्या सभ्यपणे भांडलो की चहा दोनदा गार झाला. शेवटी हेडमास्तरांनी हुकमी एक्का काढला. "तोंड पुढे असतं. बोलावं मला लागेल. तुमचा आवाज तक्रारवाल्यांसारखा आहे." माझा आवाज तक्रारवाल्यांसारखा नाही, तक्रार ऐकणाऱ्यासारखा आहे. पण हा फरक त्यांना समजावेपर्यंत बायकोने "ठरलं तर मग" म्हणून कपबशा उचलल्या होत्या.

टेलरकडे गेलो. त्याने आयुष्यभर पँटी शिवलेल्या. टेप गळ्यात टाकून तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"उंटाची कंबर कुठे धरायची, साहेब?"

"तुम्हीच ठरवा."

"मग वाका जरा."

दुकानाच्या दारात, भर रस्त्यावर, मी वाकलो. त्याने माप घेतलं. एवढ्यात आमच्याच ऑफिसातला एक कारकून समोरून गेला, थांबला आणि म्हणाला, "साहेब, काही पडलंय का?" मी वाकूनच म्हटलं, "नाही, उंट शिवतोय." तो हळूच निघून गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच मायेने झाली.

पण उंट झाला मात्र देखणा. तपकिरी केसाळ कापड, हात फिरवला तर मऊ लागणारं. मानेत जुन्या छत्रीची दांडी आणि स्पंज. बायकोने उशीचं डोकं केलं, कोटाच्या बटणांचे डोळे लावले आणि खालच्या ओठाला अशी दोरी बांधली की ओढली की उंट रवंथ करतो. पापण्या तिने स्वतःच्या मनाने लावल्या. त्यामुळे उंट थोडा लाजरा दिसायचा. गच्चीवर तालीम झाली. हेडमास्तर पुढून "डावे! उजवे!" अशी कवायत घेत आणि मी मागून कुणाचे डावे याचा विचार करेपर्यंत उंट मधोमध लांबत जाई. एकदा तर पुढचा उंट जिन्यात आणि मागचा पाण्याच्या टाकीपाशी होता. कापड चांगलं होतं म्हणून निभावलं.

बुधवारी मी उंट पिशवीत भरून वॉर्डाच्या सिस्टरना दाखवायला नेला. सिस्टरना तो फार आवडला. पण त्यांनी तो स्वच्छता अधिकारी बाईंकडे पाठवला. त्या बाई चष्मा लावून उंटाच्या केसांत बोटं घालून बघत राहिल्या.

"धुवावा लागेल."

"नवा आहे हो."

"नवा असला तरी बाहेरचा आहे. वर मुलांच्या अंगात प्रतिकारशक्ती नसते. साधी धूळ महागात पडते. आमच्या लाँड्रीत, उकळत्या पाण्यात, आमच्या औषधात धुवून मगच वर जाईल."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या बाईंबद्दल मला आदरच वाटला. मी मानेतली छत्री काढून दिली, पावती घेतली आणि घरी आलो.

गुरुवारी दुपारी लाँड्रीत गेलो. तिथल्या माणसाने एक गाठोडं पुढे सरकवलं.

"हे तुमचं. काय होतं हे?"

"उंट आहे."

"होता," तो म्हणाला.

गाठोडं सोडलं आणि मी तिथल्या बाकावर बसलो. उंट आटला होता. एवढंच नाही, त्याचे केस गेले होते. पाठीवर, पोटावर, मानेवर चट्टेच्या चट्टे. मधूनच एखादा झुबका. खाली फिकट गुलाबी अस्तर दिसत होतं. डोक्यावर तर एक केस नव्हता. पापण्या गेल्या होत्या. बटणांचे डोळे तेवढे टकामका बघत होते.

"केस कुठे गेले?"

लाँड्रीवाल्याने आत बोट दाखवलं. त्याच मशीनमध्ये नंतर डॉक्टरांचे कोट टाकले होते. त्या दिवशी चार मोठे डॉक्टर अंगावर उंटाचे केस घेऊन फिरले म्हणे. त्यातल्या एका सर्जनला रिक्षावाल्याने विचारलं, "कुत्रा पाळलाय वाटतं?"

मी तसाच टेलरकडे पळालो. त्याने कापड उलटंपालटं केलं, ताणून पाहिलं आणि हळहळून म्हणाला, "साहेब, यातून आता फार तर शेळी निघेल. आणि तसलं कापड आठवडाभर यायचं नाही."

संध्याकाळी आमच्या घरात जी सभा भरली ती शोकसभाच होती. काकू म्हणाल्या, वर रंग मारा. इंजिनियर म्हणाला, मी ससा म्हणालो होतो. हेडमास्तर मात्र खंबीर होते. "आकार महत्त्वाचा नाही, चाल महत्त्वाची," असं म्हणून ते उंटाच्या पुढच्या भागात शिरले. दोन्ही हात गेले, डोकं गेलं, खांदे गेले, आणि तिथे हेडमास्तर संपूर्ण थांबले. पुढे जाईनात, मागे येईनात. आतून त्यांचा आवाज आला, "कुणीतरी शांतपणे विचार करा." आम्ही तिघांनी मिळून त्यांना ओढलं. बायकोने पावडरचा डबा रिकामा केला. अखेर ते निघाले तेव्हा पांढरेफटक होते, चष्मा उंटात राहिला होता. "मी चालीचं मार्गदर्शन बाहेरून करेन," असं म्हणून ते ताठ मानेने घरी गेले.

त्या गोंधळातच ताई आली होती. दारात चपला काढून कधीची उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. म्हटलं, आता ओरडेल. ती आली, उंट उचलला, त्याच्या टकलावरून हात फिरवला. मग पदर खोचला, वाकली आणि सरसर त्याच्या पुढच्या भागात शिरली. अगदी मापाने शिवल्यासारखी.

"बघ, बसतंय," आतून म्हणाली. "मी एवढी बारीक झालेय, तर ते फुकट का घालवायचं?"

बायको चहाचं बघायला आत गेली. मी म्हणालो, "ताई, तुला वाकून चालणं झेपेल का?" आणि ती म्हणाली, "तुला झेपेल का ते बघ. मी पुढे आहे. ताठ चालणार आहे."

आमच्यात आजारावर बोलायची एक पद्धत पडून गेली होती. मी विचारायचं, "रिपोर्ट?" तिने म्हणायचं, "ठीक." मग मी म्हणायचं, "बरं." एवढ्यात दोघांचंही भागायचं. त्यापुढे गेलो तर कुणाचा तरी आवाज घोगरा होईल अशी दोघांनाही धास्ती. घोगऱ्या आवाजाची आमच्या घरात कुणाला सवय नाही.

शुक्रवारी सकाळी लाँड्रीने उंट पुन्हा एकदा औषधाच्या पाण्यातून काढून दिला; आता जाण्यासारखं त्याच्याकडे फारसं उरलंच नव्हतं. मग दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीवर नवाच पेच. एका वेळी दोनच माणसांना वर सोडायचा नियम. बायको सोबत होती. खिडकीतला माणूस म्हणाला, "दोन पास मिळतील. उंटाचा वेगळा."

"उंट रिकामा आहे," मी म्हटलं. "आम्हीच उंट आहोत."

"मग एकच पास लागेल. एक उंट."

"पण आम्ही दोघं आहोत."

"मग उंट कुठाय?"

मी तक्रार विभागात अनेक वर्षं काढली आहेत. समोरच्याला पेचात पकडायचं काम माझं. त्या दिवशी मला कळलं की खिडकीच्या अलीकडे उभं राहिल्यावर माणसाची बुद्धी निम्मी होते. शेवटी बायको म्हणाली, "मी खाली थांबते, तुम्ही दोघं जा आणि उंट माझ्या पासवर जाऊ दे." हे त्याला लगेच पटलं.

वर सिस्टरनी आम्हाला चादरी ठेवायच्या खोलीत नेलं. हातपाय धुवायला लावले, तोंडाला मास्क दिले. मग ताई पुढे, मी मागे पोट आत ओढून, वरून उंट. सिस्टरनी पाठीची चेन ओढली आणि म्हणाल्या, "चला, दार उघ..." तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मोठ्या डॉक्टरांचा राउंड लवकर आला होता. "हलू नका हं, मी आलेच," असं म्हणून त्या दार लावून गेल्या.

आत काळोख. औषधाचा वास. मी काटकोनात वाकलेला, डोकं ताईच्या पाठीला टेकलेलं, हात तिच्या कमरेला. लहानपणी आगगाडी-आगगाडी खेळताना असा उभा राहिलो असेन, त्यानंतर आजच.

"छोट्या."

"हं."

"तुझं डोकं टोचतंय."

"मदार आहे ती. टोचणारच."

ती हसल्याचं मला पाठीतून कळलं. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"गोळ्या थांबल्या," ती म्हणाली.

"थांबल्या म्हणजे? संपल्या का? मी आणतो जाताना."

"संपल्या नाहीत रे. चालेनाशा झाल्या. सोमवारी रिपोर्ट आला. आता सलाइनमधून औषध देणार. उद्यापासून."

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. तिला माझा दिसत नव्हता. माझ्या हाताखाली तिची कमर होती, आणि साडीच्या निऱ्यांतूनही हाडं लागत होती. हे मला आधी का कळलं नव्हतं? आधी मी हात लावलाच नव्हता.

"कुणाला सांगितलंस?"

"उंटाला."

मला पुष्कळ बोलायचं होतं. डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का, तू सोमवारपासून एकटीने हे घेऊन कशी फिरलीस. आणि बाहेर पडलं ते एवढंच, "उद्या गाडी घेऊन येऊ?"

"ये," ताई म्हणाली. "सकाळी लवकर. आणि हे बघ, मला त्याची तेवढी भीती नाही वाटत. केसांची वाटते. वेडेपणा आहे ना? या वयात?"

मी काही बोलणार तोच दार उघडलं. "चला, चला," सिस्टर म्हणाल्या. "सगळी वाट बघताहेत."

आम्ही निघालो. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम, हे मी कधीच विसरलो होतो. मला फक्त ताईच्या टाचा दिसत होत्या. त्या जातील तिकडे मी. वॉर्डाचं दार ढकललं गेलं आणि एकदम शांतता पसरली. मुलांचा वॉर्ड एवढा शांत कधी नसतो. आता कुणीतरी हसणार, कुणीतरी रडणार, आणि डॉक्टरीणबाई म्हणणार, हा उंट नाही.

पहिला आवाज एका मुलाचा आला. त्याला वॉर्डात वकील म्हणायचे, कारण तो प्रत्येक इंजेक्शनाविरुद्ध बाजू मांडायचा. "हा उंट नाहीये! उंटाला केस असतात."

मग छोट्या चपलांची चटचट. सलाइनच्या स्टँडची चाकं. ती माझ्या कानाशी येऊन थांबली. एका हाताने उंटाच्या पाठीवरचा चट्टा चाचपला, म्हणजे माझीच पाठ.

"अरे, याचं औषध चालू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून गेलेत केस."

बस्स. त्यानंतर वॉर्डात एकच गलका झाला. उंटाला खाटेशी न्या. उंटाला बसवा. उंटाला जास्त चालवू नका, त्याला दम लागेल. कुणी पाणी आणलं, कुणी आपली उलटीची वाटी आणून उंटाच्या तोंडाशी धरली, "लागली तर असू दे." ताईने दोरी ओढून रवंथ केल्याबरोबर एक लहानगा ओरडला, "त्याला मळमळतंय!" आम्ही गुडघे टेकून बसलो. कापड कुठेतरी टर्रकन फाटलं. कुणाला त्याचं काही नव्हतं. आजारी उंट जसा असतो तसाच तो होता.

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली. ती त्यांना उंटाच्या कानात सापडली.

"कुठे दुखतंय?"

ताईने उंटाचा म्हणून एक जाडसर आवाज काढला. "सगळीकडे थोडं थोडं."

"ही तर गोष्टवाली मावशी आहे," वकील म्हणाला.

"गप रे. घाबरेल तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांग तू. अजून काय होतंय?"

पुढून आवाज आला. जाडसरच, पण मघापेक्षा हळू. "केस गेले की कसं वाटतं?"

मला मागे काळोखात ऐकू येत होतं. हा प्रश्न उंटाचा नव्हता, हे त्या सगळ्या वॉर्डात मला एकट्याला माहीत होतं.

"पहिल्यांदा उशीवर दिसतात, तेव्हा रडू येतं," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. अगदी सरळ, जिना कुठल्या बाजूला आहे हे सांगावं तसं. "मग डोक्याला गार लागतं. टोपी घालायची. आई डोक्यावरून हात फिरवते ना, तेव्हा जास्त छान वाटतं, मध्ये केस नसतात म्हणून."

"आणि परत येतात?"

"येतात. याचे बघ," तिने बहुधा वकिलाला पुढे ओढलं असावं. "याचे कुरळे आलेत. आधी सरळ होते. तुझे पण कुरळे येतील कदाचित."

"कुरळे उंट नसतात," वकील म्हणाला.

"हा असेल."

माझ्या हातांना तिची पाठ थरथरताना जाणवली. ती हसत होती की रडत होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग उपचार झाले. डॉक्टरीणबाईंकडे खेळण्यातली सुई होती. पण खऱ्या कापसाला खरं स्पिरिट लावलेलं होतं, आणि इंजेक्शन कुठे द्यायचं याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. माझ्या त्या बाजूला थंडगार कापूस लागला आणि पाठोपाठ प्लॅस्टिकची सुई पूर्ण ताकदीने बसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई गं!"

वॉर्ड स्तब्ध.

"मागून पण आवाज येतो!" वकील म्हणाला. "याला दोन तोंडं आहेत!"

हसण्याचा एक लोट उठला. आया हसल्या, सिस्टर हसल्या, दाराशी थांबलेला एक डॉक्टर हसला. त्याच्या कोटावर अजून तपकिरी केस होते, असं मला नंतर कळलं. पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार विभागाच्या प्रमुखाची एवढी शोभा आजवर कुणी केली नव्हती. आणि नवल म्हणजे मला काहीच लागलं नाही. फक्त जिथे सुई लागली तिथे लागलं.

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. फाटलेल्या कापडातून एक डोळा आत आला. काळाभोर, पापण्या नसलेला, फार चौकस.

"मागच्या, तुला भीती वाटते का?" तिने विचारलं.

आमच्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला मी ऐकलेला नाही.

"हो," मी म्हटलं. आवाज घोगरा झाला होता.

"मग पुढच्याला घट्ट धरून ठेव. माझी आई मला तसंच धरते. ती म्हणते माझी भीती जावी म्हणून, पण तिचीच जाते."

मी धरलेलंच होतं. जरा आणखी घट्ट धरलं. पुढून एक हात मागे आला आणि माझ्या मनगटावर थोपटून गेला.

जाताना डॉक्टरीणबाईंनी उंटाला सूचना दिल्या. पाणी भरपूर प्यायचं. गर्दीत जायचं नाही. ताप आला तर लपवायचं नाही. "मी उद्यापासून काचेत आहे," त्या म्हणाल्या. "तुझी मान लांब आहे. बाहेरूनच बघायचं. आत यायचं नाही, कितीही वाटलं तरी."

"उद्या माझंही औषध आहे," ताई म्हणाली. या वेळी आवाज तिचा स्वतःचा होता. "खालच्या मजल्यावर."

सलाइनच्या स्टँडची चाकं जरा पुढे सरकली.

"मग झाल्यावर वर ये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मळमळत असेल तर परवा ये. घाई नाहीये."

चादरींच्या खोलीत सिस्टरनी चेन उघडली. ताई बाहेर आली. घामाने केस कपाळाला चिकटले होते, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मी बघतच राहिलो. वाकून बघत राहिलो, कारण मला सरळ होता येईना. पाठ धरली होती. मी काटकोनातच होतो. सिस्टरनी दाबून पाहिलं, ताईने ओढून पाहिलं. मी ओरडलो. राउंडवरच्या डॉक्टरने येऊन पाहिलं आणि म्हणाला, स्नायू आखडलाय, दोन दिवस गरम पाण्याने शेका, तोवर चालू नका.

चाकांची खुर्ची आली. माझ्या पायांत अजून उंटाचे पाय होते, ते काढायला गेलं की कळ यायची, म्हणून तसेच राहिले. मांडीवर उंटाचं डोकं. वॉर्डातली मुलं दारात जमली आणि हात हलवू लागली. वॉर्डबॉय खुर्ची ढकलायला पुढे झाला तर ताईने त्याला बाजूला केलं.

"राहू दे. माझा भाऊ आहे."

लांबच लांब बोळातून ती मला ढकलत निघाली. पेशंट माणसं वळून वळून बघत होती. मी म्हटलं, "ताई, दमशील." ती म्हणाली, "गप्प बस. ताप आला तर लपवायचा नाही, एवढं लक्षात ठेव." फरशीच्या एका उंचवट्यावर खुर्ची उडाली आणि आम्ही दोघंही इतके हसलो की तिला भिंतीला टेकून थांबावं लागलं. मग ती तशीच थोडा वेळ थांबून राहिली. मी मागे हात नेला. तिने तो धरला.

खाली बायको टॅक्सी घेऊन उभी होती. टॅक्सीवाल्याने दार उघडून आमच्याकडे नीट पाहिलं. खुर्चीत बसलेला, उंटाच्या पायांचा एक वाकडा गृहस्थ. मागे एक बारीकशी, लाल डोळ्यांची, हसणारी बाई.

"पेशंट कोण?" त्याने विचारलं. "त्यांना मागे आडवं करू या."

"आज हा," ताई म्हणाली. "उद्या सकाळी लवकर या, तेव्हा मी असेन. हा सोबत असेल."

टॅक्सीवाल्याने मान डोलावली आणि मला काखेत धरून उचललं.